फोटो काढू का?

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटं कधीच संपली, त्या डब्यात आता निगेटिव्हच्या पट्ट्या आहेत. काही ब्रोमाइडच्या पाकिटात, काही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या, काही नुसत्याच. मी कविता लिहितो, हे काही लोकांना ठाऊक आहे. पण कवितेच्या आधीपासून मी फोटो काढत आलो, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. कारण माझे फोटो कुठल्या प्रदर्शनात लागले नाहीत, की कुणी विकत घेतले नाहीत. मी हौशी. हौशी म्हणजे ज्याच्याकडे कॅमेऱ्याचा पट्टा चांगला असतो आणि फोटो बरेचसे हललेले असतात.

आज या डब्याबद्दल बोलायचं आहे. रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत, हे मला माहीत आहे. ते माझ्या पथ्यावरच पडणार आहे. कसं, ते शेवटी सांगतो.

१९८४ साली मी दहावी पास झालो. आमच्या सोलापुरात तेव्हा दहावी पास होणं ही गल्लीची बातमी असायची. मामूंनी नवा कॅमेरा घेतला होता, म्हणून त्यांचा जुना आगफा क्लिक थ्री त्यांनी मला बक्षीस दिला. काळा, डब्यासारखा, हातात धरला की वजन जाणवणारा. हा कॅमेरा त्या काळी बडोद्यात तयार व्हायचा आणि हिंदुस्थानातल्या कितीतरी घरांचे पहिले फोटो त्यानंच काढलेले आहेत. त्याच्या पाठीमागे एक छोटी लाल काच असे. रोल फिरवत गेलं की त्या काचेत आकडा दिसे. एक, दोन, तीन... बारापर्यंत. एका रोलवर बाराच फोटो. त्याहून एकही जास्त नाही.

आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. बारा फोटो त्यांचे एका वडापावावर खर्ची पडतात. पण आमच्यासाठी बारा म्हणजे बारा. रोल घ्यायला पैसे साठवायचे, धुवायला साठवायचे, प्रिंट काढायला पुन्हा साठवायचे. त्यामुळं एक रोल चार-चार महिने कॅमेऱ्यात असे. ईदचे दोन फोटो, त्याच्याच पुढं दिवाळीचा एक, मग कुणाच्या तरी बारशाचा, असा तो रोल पंचांगासारखा पुढं सरकत असे. धुवून आला की चार महिने एकदम हातात पडत.

त्या कॅमेऱ्यात एक गोम होती. फोटो काढला की रोल आपल्या हातानं फिरवायचा. विसरलात तर दुसरा फोटो पहिल्याच्याच अंगावर बसायचा. कॅमेरा काही बोलायचा नाही, अडवायचा नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही घरचे सगळे विजापूरला गेलो. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. तेव्हा मीटरगेजची गाडी होती, रमतगमत जाणारी. गोलघुमट बघायला गेलो. सतराव्या शतकातल्या मुहंमद आदिलशहाची ती कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे सव्वाशे फूट आणि मधे एकही खांब नाही. वर गॅलरीत एका टोकाला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं. अब्बांनी तिथं उभं राहून हळूच माझ्या नावानं हाक मारली होती. ती हाक अजून कानात आहे. तिचा फोटो निघण्यासारखा नव्हता.

बाहेर येऊन मी अब्बांचा फोटो काढला. मग मागं मागं सरकत, शेरवानी घातलेल्या एका नव्या नवरदेवाला धक्का देत, अख्ख्या गोलघुमटाचा फोटो काढला. आणि मधे रोल फिरवायला विसरलो.

पंधरा दिवसांनी प्रिंट आला. त्यात अब्बा उभे होते, गंभीर, हात पाठीमागं. आणि त्यांच्या डोक्यावर अख्खा गोलघुमट बसलेला होता. अगदी मापाचा! मी रडवेला झालो. एक फोटो वाया गेला म्हणजे बाराव्या हिश्श्याचे पैसे गेले. अब्बांनी तो फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “आजतक बहुत लोगां मेरेकू टोपी पिन्हाए. लेकिन इत्ती बडी किसीने नै पिन्हाई.” आमच्या घरात त्यानंतर कुणी फसवलं की ‘गोलघुमट घातला’ असंच म्हणायची पद्धत पडली.

त्या सहलीचे बाकीचे फोटो आज पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. घुमट अख्खा यावा म्हणून मी इतका मागं गेलो होतो की आमचं सगळं कुटुंब तांदळाच्या दाण्यांएवढं झालं होतं. यातला कोणता दाणा आपा आणि कोणता चाचा, ते आम्हांलाच सांगावं लागतं. घुमट मात्र स्वच्छ. आणि घुमटाचे फोटो तर माझ्यापेक्षा शंभरपट चांगले कुठल्याही टपाल कार्डावर मिळतात! माझ्याकडं नव्हतं ते दुसरंच. स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती. चाचांनी भाकरी गुडघ्यावर मोडली होती. शेजारच्या टांगेवाल्यालाही एक तुकडा दिला होता आणि त्याच्या घोड्यानं आपाच्या ओढणीचं टोक चघळलं होतं. त्याचा फोटो मी काढला नाही. कारण त्यात ‘बघण्यासारखं’ काही नव्हतं.

प्रवासाला गेलेला माणूस असंच करतो. मुंबईला गेला की गेटवेसमोर छाती काढून उभा राहतो. आग्र्याला गेला की ताजमहालाचा कळस दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा फोटो काढून घेतो. यात हसण्यासारखं काही नाही. ‘मी इथवर पोचलो होतो’ एवढंच त्याला म्हणायचं असतं. ज्या माणसाचं आयुष्य गिरणी ते घर आणि घर ते गिरणी एवढंच असतं, त्याला ते म्हणण्याचा हक्क आहे. फक्त वीस वर्षांनी तो अल्बम उघडतो, तेव्हा ताजमहालाकडं तो बघत नाही. तो बघतो की बायकोच्या हातात तेव्हा काचेच्या बांगड्या होत्या, धाकट्याचा पुढचा दात पडलेला होता, आणि ही पिशवी! अरे, ही पिशवी होती की आपल्याकडं!

आता थोडं सिनेमाबद्दल.

सोलापुरात संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते. गड्ड्यावर पाळणे लागतात, खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. त्यात फोटो स्टुडिओचे तंबू असत. आत लाकडी मोटार, लाकडी विमान, पुठ्ठ्याचा चंद्र. आणि माणसाच्या उंचीचे नट-नट्या. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले आणि देशभर लोकांनी दुवा मागितली, नवस बोलले. त्यानंतरच्या यात्रेत अमिताभच्या पुठ्ठ्याशेजारी जी रांग लागली, ती मी पाहिली आहे. आमच्या गल्लीतला यंत्रमागावर काम करणारा एक तरुण दिवसपाळी संपवून तसाच आला होता. केसांत कापसाचे तंतू. त्यानं अमिताभच्या खांद्यावर हात टाकला. फोटोवाला म्हणाला, “हस की.” तो म्हणाला, “साहेबांच्या शेजारी कसं हसू?”

माझ्या डब्यातल्या फोटोंवर तारखा नाहीत. पण त्याची गरजही नाही. केसांवरून आणि कपड्यांवरून साल सांगता येतं. कानावर केस आणि कॉलर पंख्यासारखी, म्हणजे ऐंशीच्या आधीचा. डोक्यावर ‘फ्रेंड’ असं लिहिलेली टोपी, म्हणजे १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ नंतरचा. ती भाग्यश्री आपल्या सांगलीच्या पटवर्धनांची मुलगी, त्यामुळं आमच्याकडच्या मुलींना तर ती घरचीच वाटायची. केसांचा मधोमध भांग आणि बटा गालावर, म्हणजे २००३ चा ‘तेरे नाम’. आमच्या धाकट्या मावसभावानं त्या वर्षी स्वतःच्या साखरपुड्यात असा भांग पाडला होता. आज तो अल्बममधलं ते पान पाहुण्यांसमोर पटकन उलटतो. आणि २०१६ साली ‘सैराट’ आला, तो तर आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा. ज्या विहिरीवरून, ज्या झाडाजवळून लोक वर्षानुवर्षं मान वर न करता जात होते, तिथं पोरं दुरून येऊन फोटो काढू लागली. विहीर तीच. पण सिनेमात दिसली म्हणून ती दिसली. आपल्या गावातली गोष्ट आपल्याला दिसायला दुसऱ्या कुणी तरी आधी कॅमेरा लावावा लागतो, हे मला फार गमतीचं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं.

कॅमेऱ्याला पहिल्यांदा माणूस दिसला, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थानं खिडकीतून खालच्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. दिवसाची वेळ, रस्त्यावर घोडागाड्या, माणसं, वर्दळ. पण तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटं भिंग उघडं ठेवावं लागे. त्यामुळं जे जे हलत होतं, ते ते पुसलं गेलं. अख्खा रस्ता रिकामा दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उभा आहे, एक पाय वर ठेवून. तो बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून तेवढा वेळ जागेवर राहिला. त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची आकृती पुसट दिसते. छायाचित्रात आलेली ही पहिली माणसं मानली जातात. म्हणजे बघा, राजा नाही, सेनापती नाही. एक गिऱ्हाईक आणि एक बूट पॉलिशवाला. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आणि आपला फोटो निघतोय, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात पुष्कळ वर्षं रुतून बसलं आहे.

कॉलेजात गेल्यावर मला रोजच्या आयुष्याचे फोटो काढायचा नाद लागला. सकाळी भोंग्याच्या वेळी सायकलवर डबा लावून निघालेली माणसं, दोरीवर वाळणारे टॉवेल, विडीच्या कारखान्यात विड्या द्यायला निघालेल्या बाया. सोलापुरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. एका दारात एक मावशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. दारातून तिरपं ऊन आलेलं. मी फोटो काढला. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “काढलास का?” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मग मला कधी देणार?”

त्यांनी ‘का काढलास’ असं विचारलं नाही. ‘कधी देणार’ असं विचारलं. माझं घेतलंस, तर माझं मला दे. सरळ हिशेब. विड्यांच्या हजारांचा हिशेब रोज करणारी बाई, तिला देणंघेणं कळतं. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात.” गेलो चार महिन्यांनी. मनात लाज होती. त्यांनी फोटो घेतला, पदराला हात पुसून घेतला, आणि निरखून पाहिला. “हात लई ब्येस आलेत,” म्हणाल्या, “पण तोंड माझं न्हाई. कुनी बोलावल्यागत दिसतंय.” बरोबरच होतं. त्या वेळी त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी न बोलावता घेऊन गेलो होतो.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. आधी विचारायचं. आणि काढला तर एक प्रत नेऊन द्यायची. दोन्ही नियम मी पुष्कळदा मोडले, हेही सांगून टाकतो. विचारलं की माणूस सावरून बसतो, केस नीट करतो आणि जे घ्यायचं होतं ते निघून जातं. ही हौशी माणसाची जुनी अडचण आहे. न विचारता काढला, तर चोरी. विचारून काढला, तर पोज.

आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिकल्या मुंबईत, जे. जे. स्कूलमध्ये. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले. १९७० साली त्यांनी फोटो काढणं थांबवलं. पुढं त्या २०१२ पर्यंत हयात होत्या, पण पुन्हा त्या व्यवसायात परतल्या नाहीत. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यात अदब राहिली नाही, असं त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. अदब. समोरच्या माणसाशी वागायची रीत.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लाल काच नाही, आकडा नाही, बारा संपत नाहीत. मी तक्रार करत नाही. माझी नात व्हिडिओवर मला तिची चित्रं दाखवते, तेव्हा मी त्या यंत्राला दुवाच देतो. पण रस्त्यात अपघात झाला, की आधी हात पुढं येतात ते फोन धरलेले. मयतीत फोटो, दवाखान्यात फोटो, झोपलेल्या माणसाचा फोटो. आणि एका मिनिटात तो चार गटांवर जातो. ज्याचा काढला, त्याला शेवटी कळतं.

अमेरिकेत शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाची बाई होती. लोकांची मुलं सांभाळायचं काम करायची. सुटीच्या वेळात गळ्यात कॅमेरा अडकवून शहरभर हिंडायची. तिनं लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. पुष्कळसे रोल तर धुतलेही नव्हते. तिनं सामान ठेवायला घेतलेल्या जागेचं भाडं थकलं, म्हणून २००७ साली तिच्या खोक्यांचा लिलाव झाला. त्यात ही निगेटिव्हं निघाली. २००९ साली ती वारली. आज जगभर तिची प्रदर्शनं लागतात, पुस्तकं निघतात. फोटो अप्रतिम आहेत. मीही पाहिले, हावरटासारखे पाहिले. पण मनात एक खडा राहिलाच. तिला हे चाललं असतं का? ज्या बाईनं आयुष्यभर दाखवले नाहीत, तिचे आपण बघतोय. बघावेत की नाही?

हा प्रश्न मी दुसऱ्याबद्दल विचारत होतो तोवर सोपा होता. मग तो माझ्या घरात आला.

आमच्या अम्माला फोटो आवडत नसे. याबाबत आमच्या समाजात एक मत नाही. काही मौलवी माणसाचं चित्र गैर मानतात, काही मानत नाहीत. आमच्याच घरात अब्बा हौसेनं फोटो काढून घ्यायचे आणि अम्मा कॅमेरा दिसला की आत जायची. ज्या घरात तसबिरी असतात तिथं फरिश्ते येत नाहीत, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. आणि तिचं स्वतःचंही एक कारण होतं. ती म्हणायची, माणूस गेल्यावर घरातले लोक फोटोकडं बघून रडत बसतात, जेवत नाहीत. मी कॅमेरा घेऊन गेलो की ती पदर ओढायची आणि म्हणायची, “मेरा नक्को रे बाबा. तू झाडां-पेडां का खींच.”

मी तिचं ऐकलं. मन मारून ऐकलं. तिचे हात काढले, शेवया वळतानाचे. दारातल्या तिच्या चपला काढल्या. दोरीवर वाळणारी तिची हिरवी साडी काढली. चेहरा कधी काढला नाही.

तिच्या चेहऱ्याचा एकच फोटो होता. २००३ साली अब्बा आणि अम्मा हजला गेले. हजला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला फोटो लागतो. ती स्टुडिओत खुर्चीवर बसली, पाठीमागं पांढरा पडदा. फोटोवाल्यानं सांगितलं, “आजी, पदर थोडा मागं घ्या, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.” तिनं अब्बांकडं पाहिलं. मग पदर मागं घेतला. घरी येताना रिक्षात म्हणाली, “अल्ला के घर जाने के वास्ते सरकारकू मुंह दिखाना पडा.” आणि हसली. फोटोत मात्र ती हसलेली नाही. डोळे ताठ, ओठ मिटलेले. टपाल तिकिटाहून थोडा मोठा कागद. तो तिचाच फोटो आहे, तिच्या परवानगीनं काढलेला आहे, त्यावर सरकारी शिक्का आहे. फक्त त्यात अम्मा नाही.

२०१२ मध्ये ती गेली.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरात बसून काय करायचं? भाच्याचा एक जुना स्कॅनर घरी पडून होता, निगेटिव्ह वाचणारा. मी बिस्किटांचा डबा काढला आणि एकेक पट्टी लावत बसलो.

एका पट्टीवर १९८७ सालचा एक रविवार निघाला. तेव्हा दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. गल्लीत टीव्ही एकच, समोरच्या तेलुगू विणकर कुटुंबाकडं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. साडेनऊला अक्कांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. टीव्हीला हार. उदबत्ती. मारवाडी, लिंगायत, आम्ही मुसलमान, सगळे चटईवर. अम्माही जायची. मागं, स्वैपाकघराच्या दारात बसायची. त्या दिवशी मी मित्राचा फ्लॅशवाला यशिका मागून आणला होता. आधी टीव्हीचाच फोटो काढला. फ्लॅश काचेवर आपटला आणि फोटोत आला तो एक पांढरा गोळा. रामही नाही, लक्ष्मणही नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी टीव्हीकडं पाठ केली आणि बघणाऱ्या माणसांचा फोटो काढला. लोक ओरडले, “ए, बाजूला हो!”

तो प्रिंट माझ्याकडं पूर्वीपासून होता. माझ्या बऱ्या फोटोंपैकी एक. वीस-पंचवीस चेहरे, सगळ्यांचे डोळे एकाच जागी. पण स्टुडिओवाल्यानं प्रिंट काढताना कडा थोडी कापलेली होती आणि मागची बाजू काळोखात होती. स्कॅनरनं सगळी निगेटिव्ह वाचली. काळोख हळूहळू उजळत नेला, तेव्हा उजव्या कडेला दाराची चौकट दिसू लागली. चौकटीत एक बाई. खांद्यावर अक्कांचं झोपलेलं तान्हं बाळ. पदर डोक्यावरून घसरलेला. वय चाळिशीच्या आतलं.

अम्मा.

बाकी सगळे टीव्हीकडं बघत होते. ती एकटी माझ्याकडं बघत होती.

मी स्कॅनर बंद केला. उठून पाणी प्यायलो. मग पुन्हा चालू केला.

आता मला सांगा, हा फोटो मी काढला का? मी तर तिला पाहिलंही नव्हतं. तिनं मला पाहिलं होतं. फ्लॅश उडालेला तिला दिसला असणार. आपण त्यात आलो असू, असं तिच्या मनात आलं असेल का? आलं असेल तर ती त्या दिवशी काही बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे होकार, असं मी धरू शकतो का? माझ्या सोयीचं आहे म्हणून मला तसं धरावंसं वाटतं. आणि जे आपल्या सोयीचं असतं, त्याबद्दल माणसानं जरा जास्त विचार करावा, हे मला त्या विडीवाल्या मावशींनी शिकवलं आहे.

टाळेबंदी उठल्यावर आपा आली. मी तिला फोटो दाखवला. ती फार वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तेरेकूच देख री थी.” आणि निघताना दारात थांबून म्हणाली, “दीवार पे नक्को लगा.”

मी दोन प्रती काढल्या. एक आपाच्या कपाटात आहे. एक माझ्या बिस्किटांच्या डब्यात. भिंतीवर नाही, फोनमध्ये नाही, कुठल्या गटावर पाठवलेला नाही. या भाषणासाठी मला कुणी विचारलं, तेव्हा आधी मनात आलं ते हेच, की रेडिओवर फोटो दाखवायचा नसतो. सांगायचा असतो. अम्माला तिची गोष्ट सांगितलेली चालायची. तीच आम्हांला शेजारपाजारच्या, नात्यागोत्याच्या गोष्टी सांगत बसायची. म्हणून तिची अट मी फारशी मोडली नाही, अशी माझी समजूत आहे. समजूत म्हणतो, खात्री नाही.

श्रोतेहो, आज रविवार आहे. तुमच्या हाताशी फोन असेल. घरात कुणी वडीलधारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ जा आणि विचारा, “तुमचा एक फोटो काढू का?” हो म्हणाले, तर त्यांना नीट बसू द्या, केस विंचरू द्या, घाई करू नका. एक प्रत कागदावर काढून त्यांच्या हातात द्या.

आणि नको म्हणाले, तर फोन ठेवून द्या. पण उठून जाऊ नका. थोडा वेळ त्यांच्यासमोर बसा. ते तुमच्याकडं बघत असतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)